न टाकलेली पत्रं

दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना सरकारने काँग्रेस कार्यकारिणीतल्या बारा जणांना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात कोंडून ठेवलं. या बारा जणांत निम्म्याच्या आसपास वकील होते, आणि सगळेच काही मोठ्या शहरांत घडलेले नव्हते. वल्लभभाईंनी सुरुवातीची वकिली गोध्रा आणि बोरसदला केली, गोविंद वल्लभ पंतांनी काशीपूरला, नरेंद्र देवांनी फैजाबादला. लहान गावात पक्षकारांचे कागद चाळत ज्यांची पहिली वर्षं गेली, अशी ही माणसं. किल्ल्यात त्यांना पत्र लिहिता येई ते घरच्यांनाच, आणि मजकूर घरगुतीच असावा असा दंडक. बॅरिस्टर जवाहरलालांनी इंदिरेला लिहिलेली तिथली पत्रं पुढे छापली गेली. पोलिसांच्या नजरेखालून जाणार हे ठाऊक असलेल्या माणसाचा सावध, मायाळू स्वर त्यांत ऐकू येतो.

त्याच बराकीत राहणारे काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद वकील नव्हते. त्यांनी पत्रं लिहिली ती घराबाहेरच्या माणसाला, म्हणजे नियमाने पोचूच न शकणारी. तीच पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने १९४६ मध्ये पुस्तकरूपाने आली. युद्धकाळातल्या पत्रांचा एवढा देखणा ऐवज आपल्या शेजारच्या जिल्ह्यात तयार झाला, आणि उर्दू म्हणून आपण तो लांब ठेवला, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून हे रसग्रहण.

घोडेगावच्या कोर्टात माझ्यासारख्याच्या पुढे रोज कागद येतात. कागद हातात घेतला की सवयीने तीन गोष्टी पाहिल्या जातात: तारीख कोणती, लिहिलं कोणाला, आणि पोच आहे का. आझादांची पत्रंही आधी याच नजरेने पाहावीत, कारण त्यांची कलाकुसर मजकुराच्या आधीच सुरू होते.

तारीख आणि स्थळ ठसठशीत आहे. किल्ला अहमदनगर, अमुक महिना, अमुक साल. नावापुढे कैद, तुरुंग, बराक असं काही नाही. एखाद्या सरदाराने मुक्कामाचं ठिकाण लिहावं तसं किल्ल्याचं नाव. समोर चहा, पहाटेचे चार, सगळे झोपलेले. हे चार बऱ्याच पत्रांत येतात. वाचणाऱ्याच्या सहज नजरेतून सुटेल अशी एक गोष्ट इथे आहे. युद्धामुळे हिंदुस्थानातली घड्याळं १ सप्टेंबर १९४२ पासून एक तास पुढे केली होती, ती १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत तशीच राहिली. म्हणजे त्या काळातले घड्याळाचे चार हे आकाशातले तीनच. आझादांचं लिहिणं असं खऱ्याखुऱ्या काळोखात चालायचं. दिवसा ते इतर अकरा जणांचे होते, जेवणाच्या टेबलावरचे, चर्चेतले. ही एक वेळ फक्त त्यांची. पत्रांचा सगळा मोकळेपणा या वेळेतून आला आहे, आणि ती वेळ ते प्रत्येक वेळी इतक्या हौसेने सांगतात की तिचा कंटाळा येत नाही.

लिहिलं कोणाला, हे त्याहून कसबाचं. पत्रं नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना आहेत. अलीगढजवळच्या भीकमपूरचे हे रईस, हैदराबाद संस्थानात धर्मखात्याच्या सर्वोच्च पदावर राहिलेले, जुन्या हस्तलिखितांचे मोठे संग्राहक, फारसी-अरबीचे जाणकार. राजकारणाशी त्यांचा संबंध नाही. काँग्रेसच्या अध्यक्षाने 'चले जाव'चा ठराव मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पकडलं गेल्यावर कोणाला लिहावं? व्हाइसरॉयला, कार्यकर्त्यांना, इतिहासाला. आझाद लिहितात ते अशा स्नेह्याला, ज्याच्याशी राजकारण बोलायचंच नाही असा जणू अलिखित करार आहे. हा माणूस निवडला आणि विषय आपोआप ठरले: चहा, फुलं, पाखरं, इतिहास, संगीत, ईश्वर. देशात गोळीबार चालू होता आणि अध्यक्ष बंद होते. त्या अध्यक्षांच्या लेखणीतून आलेल्या या पानांत राजकारण चिमटीने उचलावं एवढंच सापडतं. १९१२ मध्ये 'अल्-हिलाल' काढणारे आझाद गर्जना करत लिहीत. इथे तोच आवाज त्यांनी एका माणसाला ऐकू येईल इतका खाली आणला आहे. ज्याला गर्जता येतं त्याने असं खालच्या पट्टीत गायलेलं ऐकणं हाच मोठा आनंद.

पोच मात्र नाही. ही पत्रं लिहिताना ती जाणार नाहीत हे आझादांना पक्कं ठाऊक होतं. तरी मायना दर वेळी तोच, 'सदीक-ए-मुकर्रम', म्हणजे आदरणीय मित्रा. शेवटी सही तीच. उत्तर येणार नसताना ते मध्येच थांबून विचारतात, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही हसाल, तुम्ही म्हणाल. समोरच्याची जागा ते कधी रिकामी पडू देत नाहीत. रोजनिशी लिहिली असती तर हा संकोच, ही आर्जवं, हा शिष्टाचार गळून पडला असता. मित्राच्या नजरेचा लगाम असल्यामुळे एकांतातलं लिहिणंही कुठे सैल होत नाही.

पहिलं किल्ल्यातलं पत्र १० ऑगस्ट १९४२ चं. मुंबईत भुलाभाई देसाईंच्या घरी पहाटे पोलीस आले, बोरीबंदरहून खास गाडी सुटली, गांधीजींना चिंचवडला उतरवून घेतलं आणि गाडी नगरच्या दिशेने गेली. हे सगळं थोडक्यात उरकून आझाद लगेच शिरतात ते किल्ल्याच्या इतिहासात. भिंगारच्या ओढ्याकाठी मलिक अहमदने वसवलेलं शहर, मग निजामशाहीतली दगडी तटबंदी, चांदबिबी, १८०३ मध्ये किल्ला घेणारा वेलस्ली. जुन्नर भागातल्या वाचकाला याच्या आधीचा पदरही माहीत असतो. मलिक अहमदचं मूळ ठाणं जुन्नर. शिवनेरी हाती आल्यावर इथूनच त्याने बहामनींविरुद्ध हातपाय पसरले, १४९० मध्ये भिंगारजवळची लढाई जिंकली आणि मग नगर बसवलं. आझादांचा किल्ला आपल्या घाटमाथ्याच्या राजकारणातून उभा राहिलेला आहे, हे मनात ठेवून ते पत्र वाचावं. त्याला आणखी एक चव येते.

इतिहास सांगण्याची त्यांची हातोटी पाहा. ते सनावळ्या देतात, पण थांबतात एका संवादापाशी. अकबराचा सेनापती अब्दुर्रहीम खानखाना १५९७ मध्ये दख्खनच्या फौजेसमोर उभा आहे. शत्रू कितीतरी जास्त. दौलतखान लोदी त्याला विचारतो, हार झाली तर आपल्याला शोधायचं कुठे? खानखाना सांगतो, प्रेतांच्या ढिगाखाली. आझाद हे सांगतात आणि पुढे सरकतात, टिप्पणी करत नाहीत. आदल्या दिवशी कैद झालेला माणूस, ज्याच्या चळवळीचं पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नाही, तो हा किस्सा निवडतो. स्वतःविषयी एक अक्षर न बोलता त्याने आपल्या मनाची ठेवण सांगून टाकली आहे. उदाहरण निवडावं तर असं, आणि निवडून गप्प बसावं तर असं.

याच जुन्या इतिहासातून त्यांनी एक नाव उचललं: चिता खान. निजामशाहीतल्या किल्ल्याच्या एका रखवालदाराचं हे नाव कैद्यांच्या बंदोबस्ताला असलेल्या अधिकाऱ्याला चिकटवलं, आणि पुढच्या सगळ्या पत्रांत तो साहेब याच नावाने वावरतो. एका नावाने शतकांचं अंतर मिटतं. इंग्रज सरकारही या किल्ल्याचा एक पाहुणा धनी, एवढं त्यातून न बोलता समजतं.

दुसऱ्या दिवशीच्या पत्रात हिशोब आहे. आतापर्यंतच्या सगळ्या कैदा आणि नजरकैदा मिळून सात वर्षं आठ महिने होतात, वय त्रेपन्न. म्हणजे आयुष्याचा सातवा हिस्सा तुरुंगात. इथवर कोणीही आला असता. आझादांना इथे आठवतो ज्यूंच्या तौरातमधला विश्रांतीचा सातवा दिवस. सहा दिवस काम आणि सातवा सुटीचा, मग आपल्याही वाट्याला सुटी आली म्हणायची! तक्रार करायला पुरेपूर जागा असलेल्या आकड्यातून ते सुटीचा आनंद काढतात. यात कडवटपणाची छटासुद्धा नाही, हे मला पुन्हा पुन्हा वाचल्यावरच पटलं. त्यांना तो योगायोग खरोखर आवडला आहे. धर्मग्रंथ तोंडपाठ असलेल्या विद्वानाच्या बुद्धीत हलकेपणा इतका सहज खेळतो, हे दृश्यच रमणीय.

चहाविषयीचं पत्र त्यांच्या सगळ्यात लाडक्या पत्रांपैकी असावं. आझाद पीत तो चिनी चहा, 'व्हाइट जास्मिन'. दुधाशिवाय. आपल्याकडचा दूध-साखरेचा चहा म्हणजे त्यांच्या लेखी पातळ हलवाच. चहा पितात तो चहासाठी, दुधासाठी नाही, हे ते अशा गांभीर्याने मांडतात की एखाद्या मुकदम्यातला युक्तिवाद वाटावा. साखर कशी हवी यावरही विचार आहे. स्वच्छ, कणीदार, चहाच्या रंगाला धक्का न लावणारी. जवाहरलालांना मात्र गोड असलं की झालं, गूळसुद्धा चालतो. साखरेतला हा फरक त्यांना पटवून द्यायचा मौलानांनी पुष्कळ प्रयत्न केला आणि शेवटी हात टेकले. इंग्लंडात शिकलेले बॅरिस्टर गुळावर खूश आणि मक्केत जन्मलेले मौलाना साखरेच्या कणीवर अडून बसलेले. किल्ल्यातल्या त्या बारा जणांच्या संसाराचं इतकं जिवंत चित्र दुसऱ्या कुठल्याही आठवणींत मला सापडलं नाही.

पण चहाच्या पत्रातली खरी कारागिरी आहे ती पिण्याच्या वर्णनात. एक घोट चहाचा, मग एक झुरका सिगरेटचा, पुन्हा घोट. घोट संपताना झुरका आणि झुरका विरताना घोट, अशी साखळी त्यांनी बांधली आहे, आणि वाक्यंही तशीच बांधली आहेत. लहान उपवाक्य, विराम, पुन्हा लहान उपवाक्य. वाचता वाचता आपलाही श्वास त्या लयीत पडतो. कैद्याकडून वस्तू काढून घेता येतात. त्या वापरण्यातला डौल काढून घेता येत नाही, आणि तो डौल या ओळींच्या चालीत शाबूत आहे.

मध्ये काही पत्रं ईश्वराच्या अस्तित्वावर आणि साहित्यातल्या 'मी'पणावर आहेत. विद्वत्तेला तोड नाही, पण तिथे पत्र मागे पडून निबंध पुढे येतो. मित्राचा चेहरा पुसट होतो. मी ती आदराने वाचतो आणि पुढे जातो.

कारण पुढे चिमण्या आहेत. १७ आणि १८ मार्च १९४३ ची ही दोन पत्रं. बराकीच्या लाकडी छताच्या तुळयांत चिमण्यांची घरटी. दिवसभर चिवचिवाट, काड्या खाली, पिसं खाली, लिहिण्याच्या टेबलावर शिधा सांडल्यासारखा कचरा. आझाद युद्ध पुकारतात. आधी छत्री, मग बांबू. चढाई, पाठलाग, शत्रूची माघार, विजयाची घोषणा, आणि थोड्या वेळाने वळून पाहावं तर शत्रू पुन्हा तटावर. लढायांच्या बखरींतली सगळी भारदस्त शब्दसंपदा एका खोलीतल्या चिमण्यांवर खर्च केली आहे. ही पत्रं लिहिली जात होती तेव्हा स्तालिनग्राडची लढाई संपून जेमतेम दीड महिना झाला होता आणि उत्तर आफ्रिकेत रणगाड्यांची झुंज चालू होती. वर्तमानपत्रांत तेच शब्द रोज येत होते. आझाद युद्धावर मत देत नाहीत. युद्धाची भाषा चिमण्यांना लावून दाखवतात, आणि ती भाषा किती फुगलेली आहे हे आपोआप उघडं पडतं.

मग तह होतो. तांदळाची कणी गालिच्यावर टाकली जाते. इथून त्यांचं लिहिणं एकदम संथ होतं. पहिल्या दिवशी चिमणी लांबूनच मान तिरकी करून बघते. मग एक पाऊल, मग मागे. मग दाण्यापर्यंत, आणि दाणा उचलून उड्डाण. आझाद दाणे जरा जवळ सरकवतात. दुसऱ्या दिवशी आणखी जवळ. शेवटी तळहातावर. ही जवळीक त्यांनी बोटाबोटाने मोजली आहे. पक्ष्याचा धीर कुठे संपतो आणि माणसाचा संयम कुठे सुरू होतो, ती रेषा ते सोडत नाहीत. आपण हललो तर सगळं मोडेल म्हणून लेखणी धरलेला हात तसाच ठेवून बसलेले मौलाना डोळ्यांसमोर येतात.

ओळख झाल्यावर नावं. ऐटीत छाती काढून चालणारा तो मुल्ला, मस्त फिरणारा कलंदर, देखणी ती मोती. नावं स्वभावावरून ठेवली आहेत आणि एकदा ठेवल्यावर प्रत्येकाचं वागणं त्या नावाला शोभेल असंच टिपलं आहे. मुल्लाचं वर्णन वाचताना हसू येतं, आणि लगेच लक्षात येतं की लिहिणारे स्वतः मौलाना आहेत, धर्मशास्त्र्यांच्या घराण्यातले. ही थट्टा करायला जो अधिकार लागतो तो त्यांच्याकडे आहे, म्हणून ती इतकी निर्मळ उतरली. पुढे पिल्लू उडायला शिकतं. घरट्याबाहेर मरगळून पडलेलं, आई चोच मारते, ते हलत नाही, आणि मग अचानक त्याला आपल्या पंखांची जाणीव होते. या जागी आझाद जीवनशक्तीविषयी गंभीरपणे बोलतात आणि ते बोलणं जड होत नाही, कारण आधीची दहा पानं त्यांनी चिमणीला चिमणी राहू दिलं आहे.

यानंतरचं पत्र ११ एप्रिल १९४३ चं. ते उघडताना आधी तारखांकडे पाहावं. १८ मार्चच्या पत्रात चिमणीचं पिल्लू उडालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत कलकत्त्याहून पत्नीच्या, झुलेखा बेगमांच्या, आजाराची चिंताजनक बातमी आली. ९ एप्रिलला त्या गेल्या. पत्र त्यानंतर दोन दिवसांनी लिहिलेलं. मायना तोच, वेळ तीच.

मृत्यूची बातमी आझाद पहिल्या ओळीत सांगत नाहीत. ते मागे जातात, ३ ऑगस्ट १९४२ ला कलकत्त्याचं घर सोडलं त्या क्षणाकडे. त्या दाराशी निरोप द्यायला आल्या. बोलल्या ते नेहमीचंच, खुदा हाफिज. त्यांना आणखी काही म्हणायचं असतं तरी चेहऱ्यावर जे दाटून आलं होतं त्याहून जास्त म्हणता आलं नसतं. आझादांना तेव्हा वाटलं, तब्येत बरी नाही म्हणून असेल. त्या निरोपाचा अर्थ आता कळतो. मग ते आणखी मागे जातात, १९१६ कडे. पहिल्यांदा सरकारची कारवाई झाली तेव्हा बेगमांना रडू आवरलं नव्हतं, आणि त्यावर आपण नाराज झालो होतो. त्या प्रसंगानंतर त्यांनी स्वतःला असं घडवलं की पुढच्या प्रत्येक अटकेच्या वेळी शांत राहिल्या. इथे वाचक थांबतो. पत्नीच्या धीराचं कौतुक सांगताना त्या धीराची किंमत कोणी ठरवली होती, हेही आझादांनी नोंदवून ठेवलं आहे. स्वतःला दोष देणारं एकही विशेषण नाही. फक्त घटना, योग्य क्रमाने. शोकगीतात इतका प्रामाणिक तपशील क्वचित येतो.

मग आजाराचे दिवस. अधिकारी येऊन सांगतो, सरकारकडे काही विनंती करायची असेल तर लिहून द्या, ताबडतोब मुंबईला पाठवतो. आझाद नकार देतात. सरकारकडे काही मागायचं नाही. अधिकारी जवाहरलालांना भेटतो, जवाहरलाल येऊन बराच वेळ बोलतात, उत्तर तेच. हा नकार पत्रात दोन-चार ओळींत येतो, आणि आझाद त्याचं समर्थन करत बसत नाहीत. आजचा वाचक या जागी त्यांच्याशी भांडेल. मीही भांडतो. पण भांडणाची जागा त्यांनी उघडी ठेवली आहे, तिच्यावर तत्त्वाचं पांघरूण घातलेलं नाही.

आता या पत्रातली माझ्या मते सगळ्यात मोठी जागा. वर्तमानपत्र दुपारी येई. समोरच्या कार्यालयातून अधिकारी निघाला की त्याच्या पावलांचा आवाज ऐकू येई, आणि छाती धडधडू लागे, आज पेपरात कोणती बातमी असेल म्हणून. पण आझाद दाराकडे पाठ करून बसलेले. तो माणूस आत येतो, ते खुणेनेच सांगतात, टेबलावर ठेव, आणि लिहीत राहतात. पेपर उघडायची घाई नाही, असं दिसेल इतका वेळ जाऊ देऊन मग तो उचलायचा. जेवायच्या वेळी जेवणघरात हजर राहायचं. भूक मेलेली, तरी चार घास गिळायचे. दिनक्रमात एक मिनिटाचा फरक पडू द्यायचा नाही.

इथवर हे धीरोदात्त पुरुषाचं चित्र आहे, आणि दुसरा कोणी लेखक इथे थांबला असता. आझाद पुढे कबूल करतात की हा सगळा देखावा होता. आपल्याला विचलित झालेलं कोणी पाहू नये, या अहंकाराने मेंदू ही भूमिका वठवत होता. संयम खरा होता आणि नाटकही खरं होतं, दोन्ही त्यांना एकाच वेळी दिसतात. आयुष्यभर ज्या धीरगंभीर वृत्तीसाठी लोकांनी त्यांना मान दिला तिचा आतला शिवणटाका त्यांनी उलटा करून दाखवला, तोही पत्नीच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी. आणि वाक्याचा तोल ढळलेला नाही. कबुली देतानाही ती भूमिका चालूच आहे की काय, असा प्रश्न मनात येतो. त्याचं उत्तर पत्र देत नाही, आणि म्हणून ते वाचून संपत नाही.

तार आली ती दुपारी. छत्तीस वर्षांचा संसार संपला, एवढं सांगून ते बराकीच्या आवारातल्या एका जुन्या कबरीकडे वळतात. कोणाची आहे माहीत नाही. आल्यापासून शेकडो वेळा नजरेला पडलेली. आता तिच्याकडे पाहिलं की नवीच ओढ वाटते. हे पत्र लिहिण्याच्या आदल्या संध्याकाळी ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले आणि त्यांना आठवला मुतम्मिम बिन नुवैरा, भाऊ मालिक मारला गेल्यावर दिसेल त्या कबरीपाशी रडणारा प्राचीन अरब कवी. लोक त्याला विचारत, ही तर परक्याची कबर, मग रडतोस का? त्याला प्रत्येक कबर मालिकचीच वाटे. आझाद अरबी ओळी देतात आणि थांबतात. कलकत्त्यातली कबर ते पाहू शकत नाहीत. नगरच्या किल्ल्यातली अनोळखी कबर त्यांनी तिच्या जागी ठेवली, आणि ते सांगायलाही स्वतःचे शब्द न वापरता तेराशे वर्षांपूर्वीच्या कवीचे वापरले. पावलांच्या आवाजाने धडधडणाऱ्या छातीपासून इथपर्यंत पत्र ज्या सरळ चढणीने येतं, ती उर्दू गद्यातली मला माहीत असलेली सर्वांत अवघड चढण आहे.

ओळी उद्धृत करण्याविषयी थोडं. गुबार-ए-खातिरमध्ये फारसी आणि अरबी शेरांची रेलचेल आहे, आणि काहींना ती जास्त वाटते. मला वाटत नाही, कारण शेर तिथे नक्षी म्हणून बसवलेला नसतो. गद्य वाक्य मुद्दाम अपुरं सोडलेलं असतं आणि शेर ते पुरं करतो. पुढचं वाक्य शेरातल्या प्रतिमेवर पाय ठेवूनच सुरू होतं. शेर गाळून वाचा, परिच्छेदाला पायऱ्या नसल्यासारखं होईल. पुस्तकं हाताशी नसताना हे सगळं स्मरणातून आलं. मालिक राम यांनी साहित्य अकादमीसाठी केलेल्या आवृत्तीत या शेरांचे मूळ कवी शोधून टिपा दिल्या आहेत. त्या टिपा चाळताना आझादांच्या स्मरणाचा आवाका लक्षात येतो, आणि मालिक राम यांच्या चिकाटीपुढेही मान झुकते.

एप्रिलनंतर किल्ल्यातली पत्रं मोजकीच. शेवटचं १६ सप्टेंबर १९४३ चं, संगीतावरचं. धर्मशास्त्र्याच्या घरातला तरुण कलकत्त्यात मसीता खानांकडून गुपचूप सतार शिकतो. पुढे आग्र्याला चांदण्या रात्री ताजमहालाच्या मागच्या बाजूला, यमुनेकडच्या चौथऱ्यावर बसून वाजवतो. घुमट, मनोरे, नदी, तारा सगळे जणू कान देऊन ऐकताहेत असं वर्णन त्यांनी केलं आहे, आणि ते भाबडं वाटत नाही, कारण ताल-सुरांचं ज्ञान आणि मोगल काळातल्या संगीताचा इतिहास त्याला खालून आधार देत असतो. संगीताशिवाय आपण राहू शकत नाही, असं ते स्पष्ट म्हणतात. एप्रिलच्या पत्रात भावना दाबणारा माणूस इथे पहिल्यांदा आपल्याला काय हवं ते उघडपणे मागतो. या दोन पत्रांत पाच महिन्यांचं अंतर आहे, आणि मला ते अंतरही त्या पुस्तकाचाच भाग वाटतं. त्यानंतर सुटका होईपर्यंत, म्हणजे १५ जून १९४५ पर्यंत, शेरवानींना एकही पत्र नाही.

छापील पुस्तकात चोवीस पत्रं आहेत आणि सुरुवातीला १९४५ मधली, सुटकेनंतरची पत्रं येतात. नव्या वाचकाने तो क्रम मोडायला हरकत नाही. आधी १७ आणि १८ मार्चच्या चिमण्या वाचाव्यात, सावकाश, नावं लक्षात ठेवून. मग मधे काहीही न वाचता लगेच ११ एप्रिल घ्यावं. चहा आणि सतार त्यानंतर. १० ऑगस्टचं किल्ल्याचं पत्र शक्यतो नगरला जाऊन, भिंगारच्या बाजूने तट बघून आल्यावर वाचावं. आळेफाट्याहून नगरची गाडी मिळते.